हॉस्पिटल आणि प्रयोगशाळांच्या इमारती: आर्किटेक्ट म्हणून या क्षेत्रात कसं शिरावं?

काटकोन

नमस्कार. आतापर्यंत माझं काम घरं आणि ऑफिसं एवढंच राहिलं. आता हॉस्पिटल आणि प्रयोगशाळांच्या डिझाइनकडे वळायचं आहे आणि एका फर्मच्या त्या विभागाशी बोलणी चालू आहेत. जाणकारांकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

सुरुवातीला नेमकं कोणतं काम मागून घ्यावं? हॉस्पिटल आणि लॅब दोन्ही धरावं की एकच? अशा फर्ममध्ये बायकांच्या वाट्याला रंगसंगती, फर्निचर, पाट्या येतात आणि प्लॅनिंग नि सर्व्हिसेसचा समन्वय दुसऱ्यांकडे जातो, असं बरंच दिसतं. त्याचं काय करायचं? आणि सर्टिफिकेटांचा खरंच उपयोग होतो का?

"मेहनत करा, शिकत राहा" असं नको. कामाच्या पातळीवरचं, आकड्यांनिशी सांगितलंत तर फार बरं होईल.

---

ओळंबा

रंगसंगतीच्या प्रश्नापासूनच सुरू करते, बाकीचं त्यातूनच सुटतं.

रूम डेटा शीट मागून घ्या. प्रत्येक खोलीचं एक पान: खोलीत काय चालतं, किती माणसं, कोणती यंत्रं, त्यांची मापं, वजन, किती वॉट उष्णता, किती सॉकेट आणि त्यातले यूपीएसवर किती, पाणी, ड्रेन, गॅस, तापमान, आर्द्रता, तासाला किती वेळा हवा बदलायची, शेजारच्या खोलीपेक्षा दाब जास्त की कमी, दरवाजा किती रुंद, जमीन कशाची. हे कारकुनी काम समजून नवख्यांवर ढकललं जातं. पण स्ट्रक्चर, एसी, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग या सगळ्यांना आकडे याच पानावरून घ्यावे लागतात. ते पान जिच्याकडे, तिला विचारल्याशिवाय बैठक पुढे सरकत नाही.

मात्र फॉर्म ईमेलने पाठवून ते भरत नाही. वापरणाऱ्याला "तुम्हाला किती जागा हवी" असं विचारलं की तो आत्ता आहे त्याच्या दीडपट सांगतो. त्यापेक्षा नमुन्याचा प्रवास विचारा. हिस्टोपॅथॉलॉजीची लॅब घ्या. ऊतीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये येतो, नोंद होते, ग्रॉसिंग टेबलवर कापला जातो, प्रोसेसरमध्ये रात्रभर राहतो, मेणात बसवतात, मायक्रोटोमवर काप घेतात, रंगवतात, मग मायक्रोस्कोप. प्रत्येक टप्प्याला तीन प्रश्न: इथे नमुना थांबतो का, कशात थांबतो, उरलेलं कुठे जातं? त्यातून कळतं की ग्रॉसिंगला फॉर्मालिनची वाफ खेचणारं टेबल लागतं, रंगवण्याच्या जागी झायलीन (वाफ होणारं रसायन) असतं म्हणून तिथेही एक्झॉस्ट हवा, आणि वर्षानुवर्षं जपायच्या काचपट्ट्यांची कपाटं इतकी जड असतात की त्यांची जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी सांगावी लागते. त्या खोलीवर नुसतं "स्टोअर" असं लिहिलेलं असलं, तर स्लॅब साध्या खोलीच्या भाराचाच निघतो.

दुसरं, लॅबचं मोड्यूल, म्हणजे प्लॅनमध्ये पुन्हा पुन्हा येणारं ठरावीक रुंदीचं एकक. भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३.२ ते ३.३ मीटर. दोन्ही बाजूंना ७५० मिमी खोलीचे बेंच, मध्ये १५०० मिमी वाट, उरलेलं भिंत आणि पाइपसाठी. वाट १२०० केली तर पाठीला पाठ लावून दोघं काम करत असताना तिसऱ्याला ट्रॉली नेता येत नाही. १८०० च्या वर गेलात तर महिन्याभरात तिथे फ्रीझर किंवा सेंट्रिफ्यूज येऊन बसतं. खांबांचं अंतर मोड्यूलच्या दुप्पट ठेवा, म्हणजे ६.६ मीटर, आणि भिंती हलल्या तरी खांब आड येत नाहीत.

तिसरं, सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद. मजल्याची उंची ४.५ ते ५ मीटर का लागते ते एकदा स्वतः बेरीज करून बघा: खाली मोकळी २७००, फॉल्स सीलिंग आणि दिवे १५०, पाइप व केबल ट्रे ४००, डक्ट ५००, डक्टवरून डक्ट ओलांडायला आणि इन्सुलेशनला १५०, बीम-स्लॅब ७००. झाले ४६००. ऑफिसच्या ३.६ मीटरच्या मजल्यात लॅब बसवायला सांगतात तेव्हा ही बेरीज बैठकीत ठेवता आली पाहिजे.

लुई कान्ह या अमेरिकन आर्किटेक्टच्या दोन इमारतींचे सेक्शन शेजारी शेजारी हाताने काढा. फिलाडेल्फियाच्या रिचर्ड्‌स लॅबमध्ये त्याने डक्ट बाहेर विटांच्या मनोऱ्यांत नेले. दिसायला देखणी इमारत, पण कोपऱ्यातल्या मोठ्या खिडक्यांतून येणारं ऊन बेंचवर पडायचं आणि शास्त्रज्ञ काचांना फॉइल चिकटवून काम करायचे. त्यानंतरच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये (१९६५) प्रत्येक लॅबच्या डोक्यावर साधारण पावणेतीन मीटर उंचीचा, माणूस उभा राहू शकेल असा सर्व्हिसेसचा वेगळा मजला दिला. खालचं काम न थांबवता वर पाइप बदलता येतो. हा फरक समजला की या क्षेत्राचा अर्धा गाभा हाती आला.

---

झरोका

मी एचव्हीएसी, म्हणजे एसी आणि वायुवीजनाच्या बाजूचा. आर्किटेक्टकडून जिथे गाडी अडते तेवढंच लिहितो.

फ्यूम हूड (रसायनांची वाफ बाहेर खेचणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट) हे फर्निचर नाही. १.८ मीटरच्या हूडचं हिशोबाचं तोंड धरा १.६ मीटर, काच ४५० मिमी उघडी, आत जाणारी हवा सेकंदाला ०.५ मीटर. गुणाकार केला की तासाला सुमारे १३०० घनमीटर हवा बाहेर. दोन मोड्यूलची लॅब, ६.६ × ९.९ मीटर, सीलिंग २.८, म्हणजे १८३ घनमीटर. एकच हूड त्या खोलीची हवा तासाला सात वेळा बदलतो. चार हूड झाले की अठ्ठावीस. त्यामुळे "चाराचे सहा करू, जागा आहे" हे वाक्य म्हणजे तासाला २६०० घनमीटर जादा एक्झॉस्ट, तेवढीच थंड करून आत आणायची ताजी हवा, आणि रुंद शाफ्ट (डक्ट-पाइप वर नेणारी उभी पोकळी). सहा हूड एका डक्टवर घेतले तर ८ मीटर प्रतिसेकंद वेगाला जवळजवळ ६०० मिमी व्यासाचा डक्ट लागतो. म्हणून शाफ्ट पहिल्याच स्केचमध्ये काढा आणि त्याचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवा. नंतर शाफ्ट मोठा करायला कुणाच्याच मजल्यावर जागा नसते.

हूड दाराशेजारी किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नका. माणूस चालतो सेकंदाला मीटरभराहून जास्त वेगाने, हूडच्या तोंडाशी हवा जाते अर्ध्या मीटरने. माणूस समोरून गेला की मागे आतली वाफ बाहेर ओढली जाते. सीलिंगमधला जोराचा डिफ्यूझर हूडच्या तोंडावर आला तरी तेच होतं. रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅनवर (सीलिंगच्या नकाशावर) हूडची जागा तुटक रेषेने दाखवायची सवय लावा, हे तिथल्या तिथे दिसतं.

छतावर एक्झॉस्टची धुरांडी छतापासून किमान ३ मीटर वर आणि बाहेर पडणारा वेग १५ मीटर प्रतिसेकंद, हा रूढ नियम आहे. ती झाकायला भोवती उंच जाळीची भिंत उभी केली, तर तिच्या आडोशाला हवा घोटाळते आणि वाफ खाली बसते. शेजारीच ताज्या हवेचं तोंड असेल तर तीच हवा पुन्हा इमारतीत.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. संसर्गजन्य रुग्णाची आयसोलेशन खोली: अ‍ॅशरे १७० या अमेरिकन वायुवीजन मानकाप्रमाणे तासाला १२ हवाबदल, बाहेरपेक्षा २.५ पास्कल कमी दाब. ऑपरेशन थिएटर उलट: २० हवाबदल, त्यातले ४ ताज्या हवेचे, आणि २.५ पास्कल जास्त दाब. तुमच्याकडे लागू असलेला कोड बघाच, पण तत्त्व तेच. २.५ पास्कल म्हणजे अगदी किरकोळ दाब. भिंत फॉल्स सीलिंगपाशीच थांबवली, किंवा भिंतीतल्या इलेक्ट्रिक बॉक्सच्या मागे आणि पाइपभोवती फटी राहिल्या, की कितीही पंखा वाढवा, दाब टिकत नाही. शेवटी दोष एसीवाल्याच्या माथी येतो, खरं तर तो ड्रॉइंगमधला असतो. अशा भिंतींना वॉल शेड्यूलमध्ये वेगळा क्रमांक द्या आणि "स्लॅबपर्यंत, सर्व छिद्रं सीलबंद" असं स्पष्ट लिहा. सीलिंग बंद होण्याआधी शिडीवर चढून स्वतः टॉर्च मारून बघा.

---

पिपेट

लॅब चालवणाऱ्यांच्या बाजूने थोडी भर.

फ्यूम हूड आणि बायोसेफ्टी कॅबिनेट यांत गल्लत करू नका. कॅबिनेटमधला हेपा फिल्टर कण आणि जंतू अडवतो, रसायनाची वाफ नाही. ड्रॉइंगवर दोन्ही सारखेच चौकोन दिसतात, म्हणून चिन्हं वेगळी ठेवा. कॅबिनेटवर सीलिंगपर्यंत निदान ३०० मिमी मोकळे हवेत, कारण दरवर्षी तपासणीला फिल्टरपर्यंत पोचावं लागतं. कॅबिनेटची खोली ८०० मिमीच्या आसपास असते, ते ९०० च्या दारातून तिरकं करत आणताना चौकट तुटते. लॅबचं दार दीड पानी द्या, एरवी ९०० चं पान आणि गरजेला शेजारचं ३०० चं.

इमर्जन्सी शॉवर दहा सेकंदांत गाठता यायला हवा, वाटेत पायरी किंवा कुलूप नको. मिनिटाला ७५ लिटर, पंधरा मिनिटं, म्हणजे ११२५ लिटर पाणी. ड्रेन न देता शॉवर लावलेल्या लॅब भरपूर आहेत, तिथे चाचणीसुद्धा कुणी करत नाही. ड्रेन दिला तर ट्रॅप (गटाराची हवा अडवणारं पाइपातलं पाण्याचं वळण) सुकतो आणि ऋण दाबाच्या खोलीत गटाराची हवा आत येते, म्हणून ट्रॅपमध्ये पाणी टिकवण्याची सोयही करा.

द्रव नायट्रोजनची खोली छोटी आणि बंदिस्त करू नका. एक लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की वाजणारा अलार्म हवा, आणि त्याचा आकडा खोलीच्या बाहेर दिसायला हवा. आत शिरल्यावर कळून उपयोग नाही.

उणे ८० चे फ्रीझर एकत्र ठेवाल तिथे रात्रीही एसी चालू राहील हे बघा. एक फ्रीझर चोवीस तास अर्धा ते पाऊण किलोवॉट उष्णता टाकत असतो. दहा फ्रीझर आणि रात्री आठला बंद होणारा एसी, मग पहाटे अलार्म.

आणि बेंचची उंची. उभं राहून ९००, बसून ७२० ते ७६०. सगळीकडे ९०० चा बेंच आणि उंच स्टूल दिलं की कमी उंचीच्या माणसाचे पाय दिवसभर लोंबकळतात. मायक्रोस्कोप आणि मायक्रोटोमला उंची बदलणारी टेबलं मागा. आम्ल आणि दाहक द्रव डोळ्यांच्या पातळीखालीच ठेवायचे, म्हणजे बेंचवरच्या उंच फळीवर त्यांची जागा दाखवायची नाही.

---

काटकोन

तिघांचेही खूप आभार, हे सगळं उतरवून घेतलं. अजून दोन गोष्टी. एक, गरोदरपणात एमआरआय, न्यूक्लिअर मेडिसिन किंवा जुन्या लॅबच्या साइटवर जाण्याबद्दल काय काळजी घ्यावी? दोन, हे प्रकल्प वर्षानुवर्षं चालतात, मध्ये सुट्टी घ्यावी लागली तर नाव पुसलं जातं का?

---

तुळई

आधी ओळंबाताईंशी थोडा मतभेद. रूम डेटा शीट हवीच, पण नुसती तीच धरली तर "ती पानं सांभाळणारी" अशी ओळख होते आणि प्लॅन दुसरा कुणी काढतो. पहिल्या दिवसापासून अट घाला: ज्या विभागाची पानं माझी, त्याचा प्लॅन आणि सेक्शनही माझा.

आणि पहिला विभाग निवडायला मिळाला तर सीएसएसडी (हॉस्पिटलची उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग) मागा. ओटी सगळ्यांना हवं असतं, हे कुणाला नको असतं, त्यामुळे मिळतं. आकाराने छोटं, पण सगळे धडे त्यात आहेत. घाणेरडी उपकरणं एका बाजूने येतात, धुणारं यंत्र भिंतीत बसवलेलं, दोन दारांचं. पलीकडे स्वच्छ बाजूला तपासणी आणि पॅकिंग. मग पुन्हा भिंतीतले दोन दारांचे ऑटोक्लेव्ह, त्यापलीकडे निर्जंतुक साठा. माणूस उलटा फिरू शकेल अशी एकही वाट नको. धुण्याच्या बाजूला दाब कमी, साठ्याच्या बाजूला जास्त. वाफ, ड्रेनचं गरम पाणी, टनाच्या घरातलं वजन, सगळं हाताळावं लागतं. दोन चुका नेहमीच्या. ऑटोक्लेव्हच्या बाजूला दुरुस्तीला माणूस शिरेल एवढी गल्ली सोडलेली नसते, निदान ६०० मिमी तरी हवी. दुसरी, यंत्र बसवून मग भिंत बांधतात, आणि दहा-पंधरा वर्षांनी ते बदलायची वेळ आली की बाहेर काढायचा रस्ताच नसतो. प्लॅनवर त्या रस्त्याची तुटक रेषा लिफ्टपासून यंत्रापर्यंत काढून ठेवा, दरवाजे आणि वळणं मोजून. हा एक विभाग स्केचपासून हँडओव्हरपर्यंत तुम्ही नेलात की पुढे ओटी किंवा बीएसएल-३ (घातक जंतूंवर काम करणारी लॅब) द्यायला कुणी कां-कू करत नाही.

साइटबद्दल. एक्स-रे आणि सीटीत यंत्र बंद असलं की किरण नाहीत. न्यूक्लिअर मेडिसिनचं तसं नाही, तिथे औषध आणि रुग्ण स्वतःच किरण देत असतात. आंतरराष्ट्रीय शिफारस अशी की गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात बाळाला कामामुळे मिळणारा डोस १ मिलिसिव्हर्टच्या आसपास, त्याहून जास्त नाही. चालू विभागात जायचं असेल तर तिथल्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची लेखी परवानगी आणि डोस मोजणारा बिल्ला मागा. न गेलेलं जास्त चांगलं, मापं दुसऱ्याकडून घेता येतात. एमआरआयचा चुंबक यंत्र "बंद" असतानाही चालूच असतो. लोखंडी टेप, पोलादी टोकाचे सेफ्टी शूज, खिशातला कटर घेऊन आत जायचं नाही, हे सगळ्यांनाच लागू. जुन्या लॅबची तोडफोड असेल तर निर्जंतुकीकरण झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय आत जाऊ नका. ज्या हूडमध्ये पर्क्लोरिक आम्ल वापरलं गेलंय त्याच्या डक्टमध्ये स्फोटक क्षार साचतात. जुन्या सिंकच्या ट्रॅपमध्ये आणि फरशीच्या फटींत पारा सापडतो. कुणी "पाच मिनिटांचं काम आहे" म्हटलं तरी कागद आधी.

सुट्टीबद्दल. नाव पुसलं जाऊ शकतं, म्हणून निर्णयांची वही ठेवा. बैठकीची टिपणं लिहायचं काम बहुतेक वेळा बाईच्याच गळ्यात पडतं. ती लिहायची असतील तर साधी टिपणं न लिहिता प्रत्येक निर्णय, तो कोणी घेतला, त्याने जागा, खर्च, वेळ यांत काय फरक पडतो, असं तक्त्यात लिहा आणि स्वतःच्या नावाने पाठवा. वर्षभराने "ही भिंत इथे का?" असा प्रश्न आला की तुमचाच तक्ता उघडला जातो. सुट्टी शक्यतो एखाद्या टप्प्याच्या शेवटी घ्या आणि परत येताना कमिशनिंगचं (वापर सुरू होण्याआधी यंत्रणा तपासून घेण्याचं) काम मागा. दाब, हवाबदल, हूडच्या चाचण्या यांचा कालावधी ठरलेला असतो आणि डिझाइनमधल्या चुका एकत्र तिथेच दिसतात. परतण्यासाठी याहून चांगली जागा मला दिसत नाही.

सर्टिफिकेट. एडॅक ही पुराव्यावर आधारित डिझाइनची परीक्षा आहे, तयारी करताना संशोधन वाचायची शिस्त लागते, तेवढा उपयोग नक्की. एसीएचए ही परवानाधारक आर्किटेक्टसाठी, आरोग्य क्षेत्रातला अनुभव तपासणारी, नंतरची पायरी. संशोधन वाचताना आकडे तपासून बोला. रॉजर उलरिखचा १९८४ चा अभ्यास सगळे सांगतात: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवस, विटांची भिंत दिसणाऱ्यांचा ८.७०. पण रुग्ण एकूण ४६ आणि हॉस्पिटल एकच. खिडकी जरूर द्या, "खिडकीमुळे मुक्काम इतका कमी होईल" असं लेखी आश्वासन देऊ नका.

हॉस्पिटल की लॅब? हॉस्पिटलमधल्या पॅथॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी विभागांतून दोन्हीकडे जाता येतं. वाचायचं असेल तर रॉझलिन लिंडहाइम यांचं काम शोधा. बर्कलीत शिकवायच्या, आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या १९८५ च्या प्लेनट्री या पेशंटकेंद्री हॉस्पिटल विभागाच्या रचनेत त्यांचा हात होता. नर्सचं काउंटर उघडं, घरच्यांसाठी स्वयंपाकाची छोटी जागा. पेशंटच्या बाजूने प्लॅन वाचायला तिथून शिकता येतं.

---

झरोका

तुळई यांनी एमआरआयचा विषय काढला म्हणून एक जोड. क्वेंच पाइप आर्किटेक्टने स्वतः छतापर्यंत शोधून काढावा. चुंबकातला द्रव हीलियम अचानक उकळला तर त्याचा सातशे पटींहून जास्त वायू होतो आणि तो त्या पाइपातून बाहेर जातो. पाइपाचं तोंड गच्चीच्या वाटेवर, खिडकीजवळ किंवा ताज्या हवेच्या तोंडाजवळ नको, आणि पाऊस किंवा पक्षी आत शिरणार नाहीत असं हवं. पाइप तुंबला तर वायू खोलीत येतो. दार आत उघडणारं असेल तर दाबाने ते उघडतच नाही. बाहेर उघडणारं दार किंवा दाब सोडणारी झडप, यातलं एक तरी पाहिजेच.

कंपनाचंही सुरुवातीलाच विचारा. ओटीला सेकंदाला १०० मायक्रोमीटर चालतात, ४०० पट मायक्रोस्कोपला ५० (कंपनाच्या मर्यादांमधली व्हीसी-ए श्रेणी), हजार पटीला १२.५ (व्हीसी-सी), इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला ६.२५ किंवा त्याहून कमी. अशी यंत्रं तळमजल्यावर जमिनीवरच्या स्लॅबवर, ते जमलं नाही तर खांबाजवळ. दोन खांबांच्या मध्यावर, कॉरिडॉरला लागून कधीच नाही.

---

काटकोन

शेवटचं: मुलाखतीला पोर्टफोलिओत काय ठेवू? या प्रकारचं काम तर अजून केलेलं नाही.

---

ओळंबा

तुळई यांचं म्हणणं पटलं, पानांबरोबर प्लॅन मागाच.

पोर्टफोलिओसाठी एकच खोली घ्या, समजा दोन मोड्यूलची मायक्रोबायोलॉजी लॅब, आणि तिची पाच पानं करा. नमुन्याच्या प्रवासाचा आराखडा. रूम डेटा शीट, जिच्यात एकही रकाना रिकामा नाही. १:५० चा प्लॅन, यंत्रं खऱ्या मापाची आणि दारांच्या उघडझापीसकट. त्याच खोलीचा सेक्शन, सीलिंगच्या वरचे डक्ट, पाइप, ट्रे यांच्या थरांसह, प्रत्येक थराची उंची लिहून. पाचवं पान झरोका यांनी केला तसा हवेचा हिशोब. मुलाखत घेणारा बहुतेक सेक्शनवरच थांबेल आणि विचारेल की हा डक्ट बीमखालून कसा गेला. त्याचं उत्तर आकड्यात द्या.

घरांची कामं काढून टाकू नका. त्यातली एखादी बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगची किंवा शाफ्टची वर्किंग ड्रॉइंग ठेवा, तपशील काढता येतो हे त्यावरून दिसतं. आणि पुढे खरी कामं झाली की दाखवताना क्लायंटचं नाव, इमारतीचा पत्ता, बीएसएल-३ किंवा किरणोत्सर्गी साठ्याच्या खोल्यांची जागा पुसून मगच दाखवा. करारात बहुधा तसं लिहिलेलं असतं, नसलं तरी ते तुम्ही पाळायचं.